'जिवाणू ठरवतो' या वाक्याबद्दल

पटकीच्या (कॉलऱ्याच्या) जिवाणूवरच्या माझ्या लेखाखाली आपली प्रतिक्रिया वाचली. विष कधी बनवायचं हे जिवाणू 'ठरवतो', असं मी त्यात लिहिलं होतं. नाव नाही, 'एक निवृत्त प्राध्यापक' एवढीच सही. आपण लिहिता : "जिवाणू 'ठरवतो' म्हणे! विषाचं जनुक आहे तर विष होणारच, उगाच कथा रचू नयेत. डे यांचा शोध १९५३चा नव्हे, १९५९चा. उंदराच्या पिलांवरचे निष्कर्ष माणसाला कसे लावता? आणि नळाला गढूळ पाणी येणाऱ्याला या माहितीचा उपयोग काय?"

आधी सालाचं. ते चुकलंच, लेखात दुरुस्त केलंय. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा बांधून त्यात जिवाणू सोडण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला तो १९५३ साली. जिवाणू गाळून काढलेल्या द्रवानेही आतड्यात पाणी भरतं, म्हणजे विष बाहेर सोडलं जातं, हे त्यांनी दाखवलं १९५९मध्ये. दोन्ही कामं कोलकात्यातलीच, त्यात माझी गल्लत झाली. आभार.

पण 'कथा रचू नयेत' हे मला लागलं. त्यातला 'म्हणे' तर जास्तच. वर्गात एखाद्या मुलीने शंका विचारली तर तिच्याशीही आपण असंच बोलत होता का?

मी अकरा वर्षं प्रयोगशाळेत काढली आहेत. पहिल्याच वर्षी एकाच वसाहतीतले जिवाणू मी दोन नळ्यांत वाढवले. एक नळी सामू ६.५ आणि ३० अंशांवर, दुसरी ८.५ आणि ३७वर. सकाळी पाहते तर दुसरी नेहमीसारखी गढूळ. पहिलीत मात्र वरचं पाणी निवळलेलं आणि तळाला तांदळाच्या कण्यांसारखा साका. नळी खराब झाली समजून मी ती ओतून देणार होते. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी हात धरला. ते जिवाणू एकमेकांना चिकटून तळाशी बसले होते, कारण त्यांच्या अंगावर आतड्यात तग धरायला लागणारे तंतू आले होते. विषाची चाचणी केली, तर भरपूर विष त्याच नळीत. दुसरीत जवळजवळ नाहीच. (हा पटकीच्या जिवाणूचा जुना 'क्लासिकल' प्रकार, एल टॉर या दुसऱ्या प्रकाराला वाढवायची तऱ्हा वेगळी.) जनुक दोन्ही नळ्यांत तेच होतं, सर. मग 'विष होणारच' हे कुठून आणलंत?

हे ठरतं कसं? टॉक्सआर हे प्रथिन जिवाणूच्या आतल्या पटलात रोवलेलं असतं, एक टोक आत डीएनएकडे, दुसरं पटलापलीकडे. त्याचं जनुक मिलर आणि मेकालानोस यांनी १९८४मध्ये दाखवून दिलं. टॉक्सआर आणि टीसीपीपी हे दुसरं प्रथिन मिळून टॉक्सटी या तिसऱ्या प्रथिनाचं जनुक चालू करतात, आणि टॉक्सटी विषाची व तंतूंची जनुकं. जिवाणूंची दाटी झाली की हॅपआर नावाचं प्रथिन ही साखळी वरच्या टोकालाच तोडतं. विष थांबतं आणि आतडं सोडून बाहेर पडायची तयारी सुरू होते. विषाचं जनुक तर मुळात त्याचं स्वतःचंही नाही. ते एका फेजबरोबर, म्हणजे जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूबरोबर, येतं, हे वॉल्डर आणि मेकालानोस यांनी १९९६मध्ये दाखवलं, आणि तो फेज आत शिरतो तो याच तंतूंना धरून! हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

या सगळ्याला मी 'ठरवतो' म्हटलं. जिवाणूला मन असतं असं लेखात एका ओळीत तरी दाखवा. लाजाळूला लाज वाटत नाही हे शाळेतल्या पोरालाही कळतं, म्हणून तिचं नाव बदला असं कुणी सांगत नाही. मराठीत विज्ञान लिहायचं तर मराठी क्रियापदंच वापरावी लागणार. 'अभिव्यक्तीचे नियमन होते' असं लिहिलं असतं तर तुम्ही खूश झाला असता, पण माझी आई दुसऱ्या ओळीला उठून गेली असती. मी तिच्यासाठी लिहिते.

उंदराच्या पिलांचा मुद्दा आणि उपयोगाचा मुद्दा, दोन्ही त्या लेखाचे विषय नव्हते. मीठ-साखरेच्या पाण्याने जीव वाचतो हे कोण नाकारतंय?

त्या दोन नळ्यांचा फोटो माझ्याकडे अजून आहे, आज लेखात टाकते. तो पाहूनही 'विष होणारच' असंच म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, फक्त या वेळी खाली नाव लिहा.