शेक चालू असताना गावाला जाऊ नका

तोंडाच्या, जिभेच्या, घशाच्या कॅन्सरचे शेक, म्हणजे किरणांचा उपचार (रेडिएशन), अर्ध्यावर आले की "चार दिवस घरी जाऊन येतो" म्हणणारे पेशंट मला नेहमी भेटतात. मी शिरपूरकडची, नाशिकला रेडिएशन विभागात नर्स आहे. आपल्याकडचा माणूस बोलण्यावरून लगेच कळतो. "ताई, आखाजी व्हई जाऊ दे, मंग येसू." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, ती झाली की येतो म्हणतो. त्या चार दिवसांची किंमत त्याला कोणी नीट सांगितलेलीच नसते, म्हणून हे लिहितेय.

शेक साधारण 33 ते 35 असतात. सोमवार ते शुक्रवार रोज एक, म्हणजे साडेसहा-सात आठवडे. ऑपरेशननंतर द्यायचे असतील तर बहुतेक वेळा 30. लोकांना वाटतं, आकडा पूर्ण झाला की झालं. राहिलेले शेवटी घेऊ. खरी चूक इथेच होते. एकूण डोस किती, याइतकंच तो किती दिवसांत पूर्ण झाला हेही महत्त्वाचं असतं.

किरणांनी गाठीतल्या पेशी मरतात, पण ज्या उरतात त्या तीन-चार आठवड्यांनंतर आधीपेक्षा झपाट्याने वाढू लागतात. निंदणी अर्धवट टाकली आणि वर पाऊस झाला की तण कसं उसळतं, ते आपल्याला सांगायला नको. विदर्स नावाचे कॅन्सरचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्येच हिशोब मांडला होता, की साधारण चार आठवड्यांनंतर रोज सुमारे 0.6 ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं माप) डोस नुसती ही वाढ थोपवण्यातच खर्च होतो. रोजचा शेक असतो 2 ग्रेचा. उपचार लांबला की प्रत्येक जादा दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता एक टक्का, कधी त्याहून थोडी जास्त घटते. आठवडाभराच्या खाड्याचं काय होतं ते तुम्हीच बघा.

आणि खाडा पडतो तो नेमका याच दिवसांत. तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं. आतून सगळं सोलवटतं, चव जाते, थुंकी चिकट होते, दादर ज्वारीची भाकरी दुधात कुस्करली तरी उतरत नाही. यावलकडच्या एका बाबांचं वजन इतकं उतरलं, की मास्क गालांवर सैल झाला. हा जाळीचा प्लास्टिकचा मास्क गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात आणि रोज शेकाच्या वेळी टेबलाला पक्का लावतात, म्हणजे डोकं तसूभरही हलत नाही. तो सैल झाला की किरणं नेमक्या जागी पडतील याची खात्री उरत नाही. मग कधी नवा मास्क, नवं स्कॅन, नवं प्लॅनिंग, आणि त्यात पुन्हा दिवस जातात. बाबा नाकातल्या नळीला शेवटपर्यंत नाही म्हणत होते. "नळी घातली म्हणजे माणूस संपला" असं त्यांना गावात कोणीतरी सांगितलं होतं. अहो, त्या नळीतून मुगाच्या डाळीचं पाणी, दूध, पेज पोटात जाते म्हणून तर शेक पूर्ण होतात! घास उतरू लागला की नळी काढतात. नळीला घाबरू नका, हात जोडून सांगते.

पण सगळा दोष पेशंटवर टाकणं मला पटत नाही. कापूस वेचणीला आलेला, घरात दुसरं माणूस नाही, खोलीचं भाडं रोजचं. योजनेतून शेक फुकट होतात, पण सोबत राहणाऱ्याची मजुरी बुडते ती कोण देणार? नातेवाईक भेटायला येतात ते सफरचंदं घेऊन, आणि ज्याला पाणी गिळवत नाही त्याच्या उशाशी ठेवून जातात. त्यापेक्षा चुलतभावांनी, मेहुण्यांनी आठवडे वाटून घ्यावेत आणि एकेकाने येऊन राहावं. माझ्या मते ते औषधाइतकंच मोलाचं आहे.

दवाखान्यांनाही सांगायला हवं. मशीन बंद पडतं, लागून सुट्ट्या येतात, आणि पेशंटला नुसतं "सोमवारी या" म्हणून पाठवतात. बुडालेला दिवस भरून काढता येतो. शनिवारी शेक देता येतो, किंवा एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन देता येतात. आठवड्याला पाचऐवजी सहा शेक दिले तर काय होतं, हे विकसनशील देशांतल्या नऊ केंद्रांनी तपासलं. 2010 मध्ये निकाल आला. पाच वर्षांनंतर आजार आटोक्यात असलेले 30 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर गेले. डोस तोच, फक्त दिवस कमी.

तेव्हा पहिल्या शेकाआधीच डॉक्टरांना विचारा, "मशीन बंद पडलं किंवा सुट्टी आली तर तो शेक कसा भरून काढणार?" किडलेले दात आधीच दाखवून घ्या, काढावे लागले तर जखम भरायला वेळ लागतो. घरातलं लग्न, वेचणी, कानबाईचे रोट यांच्या तारखा पुढच्या सात आठवड्यांत येतात का, तेही तेव्हाच बघा. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला भाड्यात सवलत आहे, तो फॉर्म दवाखान्यातून भरून घ्या. आणि तोंड आलं, ताप आला, गिळवेनासं झालं तर परस्पर गावाची गाडी पकडू नका. त्याच दिवशी आम्हाला येऊन सांगा.