‘दोन सर्व्हर, शून्य डाउनटाइम’ म्हणे!

रविवारी सकाळी भाच्याचा फोन. तो एका पतसंस्थेचे कॉम्प्युटर सांभाळतो. दोन सर्व्हर, दोन्हींवर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर), मागे आयस्कझीवर, म्हणजे नेटवर्कमधून जोडलेलं, सामायिक स्टोरेज. "मामा, एक पोस्ट पाठवलीय. आज संस्था बंद आहे, तसं करून टाकू का?" पोस्ट वाचली आणि त्याला म्हटलं, आधी कीबोर्डवरचा हात काढ.

पोस्टीचं म्हणणं थोडक्यात असं. दोन सर्व्हरचं क्लस्टर (एकत्र चालणारा गट) करा, हाय अव्हेलेबिलिटी (एचए, म्हणजे एक सर्व्हर पडला तर त्याच्या व्हीएम दुसऱ्यावर आपोआप उभ्या करणारी सोय) चालू करा, व्हीएम एक सेकंदही बंद पडणार नाही. एक सर्व्हर गेल्यावर दुसरा अडून बसू नये म्हणून कोरोसिंकच्या (सर्व्हरांना एकमेकांची खबर देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलीत दोन-नोडचा पर्याय टाका (नोड म्हणजे क्लस्टरमधला एक सर्व्हर). वॉचडॉग (वेळेवर इशारा मिळाला नाही तर मशीन रीसेट करणारा टायमर) उगाच मशीन रीबूट करतो, तो काढा. एवढं केलं की बॅकअपचा खर्चही वाचला.

‘एक सेकंदही नाही’ हे कुठून आलं ते कळतं. लाइव्ह मायग्रेशनचा व्हिडिओ पाहिलेला असतो, चालती व्हीएम या होस्टवरून (सर्व्हरवरून) त्या होस्टवर सरकते आणि पिंगसुद्धा चुकत नाही. पण तेव्हा दोन्ही होस्ट जिवंत असतात, रॅम उचलून पलीकडे नेता येते. होस्टच मेला तर रॅम कुठून आणणार? एचए त्या व्हीएमला दुसऱ्या होस्टवर नव्याने बूट करतं, बस. व्हीएमच्या दृष्टीने ती भिंतीतली पिन उपटल्यासारखीच गोष्ट. रॅमसकट जुळी व्हीएम चालवण्याची सोय व्हीएमवेअरकडे फॉल्ट टॉलरन्स नावाने आहे, ती निराळी. प्रॉक्समॉक्सचं स्वतःचं मॅन्युअल म्हणतं की बिघाड ओळखून सेवा दुसरीकडे उभी करायला साधारण २ मिनिटं लागतात, म्हणून ९९.९९९ टक्क्यांहून जास्त उपलब्धता मिळणार नाही. त्याच मॅन्युअलात, त्याच प्रकरणात, किमान तीन नोड हवेत असंही लिहिलंय. पोस्टवाल्याने ते पान उघडलेलं दिसत नाही.

आता वॉचडॉग. बाकीचे मुद्दे अज्ञानाचे आहेत, हा मात्र घात करणारा आहे.

दुसरा नोड हाका मारूनही बोलत नाही, याचे अर्थ दोन. तो मेला, किंवा मधली केबल गेली. या बाजूला बसून फरक कळायला मार्ग नाही. म्हणून प्रॉक्समॉक्स काय करतं? प्रत्येक नोडला क्लस्टरमधलं आपलं एक कुलूप सतत ताजं करत राहावं लागतं. बहुमतातून (निम्म्याहून जास्त नोडांच्या गटातून) बाहेर पडलेल्या नोडला ते जमत नाही, मग तो वॉचडॉगला थोपटणं (‘मी ठीक आहे’ हा इशारा देणं) सोडतो आणि ६० सेकंदांत वॉचडॉग त्याला रीसेट करतो. उरलेले नोड त्या कुलपाची १२० सेकंदांची मुदत संपेपर्यंत थांबतात आणि मगच त्याच्या व्हीएम उचलतात. आधी मृत्यूचा दाखला, मग वारसनोंद. ६० आणि १२० मधलं अंतर हीच सगळी खुबी.

पोस्टीप्रमाणे केलं तर? कोरोसिंकचा छोटा स्विच जळाला, स्टोरेजचा वेगळा स्विच ठणठणीत आहे. दोन-नोडच्या पर्यायामुळे दोघांनाही वाटतं बहुमत माझ्याकडेच, त्यामुळे कुलूप कोणाचंच सुटत नाही, आणि रीसेट करणारा वॉचडॉगही काढलेला. दोन मिनिटांनी खात्यांची व्हीएम दुसऱ्या नोडवरही बूट होते, आणि पहिल्यावरची चालूच आहे. वारसनोंद झाली आणि माणूस घरात चहा पितोय! डिस्क तीच, आयपी तोच. एका व्हीएमला डिस्कचा जो ब्लॉक (तुकडा) रिकामा वाटतो तिथे ती आजच्या पावत्या लिहिते, दुसरी त्याच ब्लॉकवर लॉग लिहिते. कुणालाच एरर येत नाही. दुसऱ्या दिवशी डिस्क तपासणारं एफएससीके चालवाल तेव्हा लॉस्ट अँड फाउंड या फोल्डरमध्ये फाइलींचे तुकडे वेचत बसायचं.

ही काल्पनिक भीती नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटहब या प्रोग्रॅमरांचा कोड ठेवणाऱ्या साइटचं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं नेटवर्क फक्त ४३ सेकंद तुटलं. तिथे डेटाबेसचे सर्व्हर होते, व्हीएमचे होस्ट नव्हते, पण दुखणं याच जातीचं. पूर्व-पश्चिम दोन्ही किनाऱ्यांवर अशा नोंदी उरल्या ज्या समोरच्याकडे नव्हत्या. निस्तरायला २४ तास ११ मिनिटं लागली.

पोस्टवाल्याची एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, नाइलाजाने. वॉचडॉग चांगल्या चालत्या मशीन रीबूट करतो, मीही पाहिलंय. रात्री बॅकअप सुरू झाला, कोरोसिंक त्याच केबलवर, पाकिटं रखडली आणि नोड धडाधड खाली. पण चूक केबल वाटून घेण्याची आहे. कोरोसिंकला ५ मिलिसेकंदांच्या आतलं नेटवर्क लागतं. त्याला वेगळं पोर्ट आणि दुसरी लिंक द्या, कटकट बरीचशी थांबते. दारावरचा कुत्रा भुंकतो म्हणून त्याला हाकलून कुलूपही काढून ठेवायचं का?

कोरमबद्दल, म्हणजे बहुमताबद्दल, इतकंच: दोन मतांत बहुमत म्हणजे दोनच, एक गेला की उरलेला एकटा अडणारच. त्यासाठी तिसरं मत द्या. क्यूडिव्हाइस, म्हणजे फक्त मत देणारी सोय, लहानशा मशीनवरही चालतं, रास्पबेरी पाय हा हातावर मावणारा कॉम्प्युटरसुद्धा पुरतो. मोठे सर्व्हर दोनच ठेवून काम भागतं, तेवढं पोस्टीतलं खरं.

बॅकअपच्या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. डिलीट केलेली फाइल क्लस्टरच्या सगळ्याच नोडांवरून गेलेली असते.

भाच्याने कॅशियरच्या टेबलाखालचा जुना डेस्कटॉप काढला, त्याच्यावर तिसरं मत बसवलं. संध्याकाळी आम्ही एका सर्व्हरची पॉवर केबल ओढली, त्याआधी चाचणीची एक पावती मुद्दाम अर्धवट भरून ठेवली होती. अडीच-तीन मिनिटांत दुसऱ्या सर्व्हरवर लॉगिनची खिडकी आली. अर्धवट पावती गेली होती. ती परत भरली.