पूर्वी जग शांत होतं म्हणे

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या आणि नातेवाइकांच्या. नातेवाइकांत तो आत्तेभावाने टाकला होता, वर ‘डोळे उघडणारी माहिती’ असं लिहून. मेसेज भलताच लांब, पण सार चार मुद्द्यांत मावतं. दहशतवाद १९७० नंतर जन्माला आला. त्याआधी युद्धं व्हायची, पण असलं काही नव्हतं. स्वतः मरून दुसऱ्याला मारणं ही एकाच धर्माची शिकवण. हे करणारे सगळे अडाणी, उपाशी, माथी भडकवलेले. आणि यावर गोळीशिवाय औषध नाही, दुसरा उपाय जगात कुठेही चाललेला नाही. शेवटी तळटीप: ‘इतिहास वाचा.’

तळटीप मान्य आहे. भांडण तिच्या वरच्या मजकुराशी आहे.

१९७०चं आधी घेऊ. ‘टेरर’ हा शब्द राजकारणात रुळला तो १७९३-९४च्या फ्रान्समध्ये, आणि तेव्हा तो सरकारचा शब्द होता. क्रांतीच्या शत्रूंवर दहशत बसवायची हे उघड धोरण होतं. खटले चालवून सुमारे १७ हजार लोकांना देहदंड दिला गेला. ते धोरण जोरात मांडणारा रोबेस्पिएर जुलै १७९४मध्ये स्वतःच गिलोटिनखाली गेला. सरकारविरुद्ध लपून बॉम्ब टाकणाऱ्यांना हा शब्द पुढे चिकटला.

ते बॉम्बवाले आले १८६७नंतर, म्हणजे नोबेलने डायनामाइटचं पेटंट घेतल्यावर. १३ मार्च १८८१, सेंट पीटर्सबर्ग. रविवारची दुपार, कालव्याकाठचा रस्ता, आणि झार अलेक्झांडर दुसरा घोडागाडीतून राजवाड्याकडे परतत होता. सोफिया पेरोव्स्काया या तरुणीने रुमाल हलवून खूण केली. पहिल्या बॉम्बने गाडी मोडली, पण झार वाचला. तो खाली उतरला, जखमींची विचारपूस करू लागला. तेवढ्यात कठड्याशी उभ्या असलेल्या दुसऱ्या तरुणाने त्याच्या पायाशीच बॉम्ब आपटला. झार त्याच दिवशी गेला, बॉम्ब टाकणाराही गेला. संघटनेचं नाव ‘नारोदनाया वोल्या’, म्हणजे जनतेची इच्छा. जनतेला कुणी विचारलं नव्हतं, ते असो.

पुढे १८९४ ते १९०१ या सात वर्षांत फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष, स्पेनचा पंतप्रधान, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी, इटलीचा राजा आणि अमेरिकेचा अध्यक्ष असे पाच जण अराजकवाद्यांच्या, म्हणजे कुठलंच सरकार नको म्हणणाऱ्यांच्या, हातून मेले. १६ सप्टेंबर १९२० रोजी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर दुपारी बाराच्या सुमारास, जेवायच्या सुट्टीत, एक घोडागाडी उडाली. डायनामाइटच्या जोडीला तिच्यात लोखंडाचे तुकडे भरले होते. ३८ माणसं गेली. गाडी कुणी उभी केली हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही. हे सगळं १९७०च्या ‘आधी’चं शांत जग.

आणि ही गोष्ट आपल्या दाराशीही येते. १९०७च्या सुमारास पॅरिसमध्ये दोन हिंदी तरुण रशियन निर्वासितांकडून बॉम्ब करायची कृती मिळवत होते. एक बंगालचे हेमचंद्र कानुनगो आणि दुसरे पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, म्हणजे पुढे मुळशी सत्याग्रहाने ‘सेनापती’ झालेले. रशियन पुस्तिकेचं इंग्रजी झालं. १९०८मध्ये कलकत्त्याच्या माणिकतळा बागेत तिची प्रत पोलिसांना सापडली, आणि १९०९मध्ये नाशिकला बाबाराव सावरकरांच्या घराच्या झडतीत तोच मजकूर, इंग्रजीत दाट टाइप केलेला. रौलट समितीच्या अहवालात याची नोंद आहे. त्याच वर्षी डिसेंबरात नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या.

आता इथे कुणीतरी उसळून विचारेल, बापटांना दहशतवादी म्हणता का? नाही म्हणत. तो शब्द इंग्रजांचा. आपण क्रांतिकारक म्हणतो, मीही म्हणतो. पण ती पुस्तिका कोणाच्या हातात पडली, याने बॉम्बला फरक पडत नव्हता. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांना न्यायाधीश किंग्जफर्डला मारायचं होतं. गाडी ओळखण्यात चूक झाली आणि दोन बायका मेल्या. टिळकांनी त्यावर ‘केसरी’त ‘देशाचे दुर्दैव’ लिहिलं आणि त्या लेखमालेपायी सहा वर्षं मंडालेला गेले. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्तांनी ८ एप्रिल १९२९ला असेंब्लीत बॉम्ब टाकले ते मुद्दाम कुणी दगावणार नाही अशा बेताने. सोबतच्या पत्रकात बहिऱ्यांना ऐकू जायला मोठा आवाज लागतो हे वाक्य होतं, आणि ते व्हेलाँ नावाच्या फ्रेंच अराजकवाद्याचं आहे हेही त्यात लिहिलं होतं. व्हेलाँने १८९३मध्ये फ्रान्सच्या लोकसभेत बॉम्ब टाकला होता. कुठली पद्धत कुठून आली, हे त्या मंडळींना आपल्या फॉरवर्डवाल्यांपेक्षा बरं ठाऊक होतं.

दुसरा मुद्दा, धर्माचा. इथे मेसेजात खरं काय आहे ते आधी सांगतो. १९९३, २००६ आणि २००८ची मुंबई आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली आहे, तिची खोटी बेरीज-वजाबाकी मला करायची नाही. गेल्या दोन-तीन दशकांत जगातल्या दहशतवादी हल्ल्यांतले बहुतेक बळी इस्लामचं नाव घेणाऱ्या संघटनांनी घेतले, हेही खरं. मेलेल्यांतही बहुसंख्य मुसलमानच होते, इराकचे, अफगाणिस्तानचे, पाकिस्तानचे. डिसेंबर २०१४मध्ये पेशावरच्या शाळेत मारलेली शंभराहून अधिक मुलं त्यातली.

पण ‘एकाच धर्माची शिकवण’? त्या कालव्याकाठच्या तरुणाला आपण वाचणार नाही हे माहीत होतं, आणि स्वर्ग वगैरे त्याच्या कार्यक्रमात नव्हता. ट्रक भरून स्फोटकं घेऊन आत घुसायची रीत गाजली ती लेबनॉनमध्ये. २३ ऑक्टोबर १९८३च्या बैरूत हल्ल्यात २४१ अमेरिकी आणि ५८ फ्रेंच सैनिक मेले. करणारे शिया गटाचे. तीच रीत श्रीलंकेतल्या लिट्टेने १९८७मध्ये जाफन्यात उचलली आणि पुढे शास्त्रासारखी घोटून पक्की केली. वेगळी पथकं, कमरेचे पट्टे, गळ्यात सायनाइड. ही संघटना तमिळ राष्ट्रवादी होती. तिच्यात हिंदू होते, ख्रिश्चन होते, धर्माचा झेंडा नव्हता. २१ मे १९९१ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींच्या पाया पडायला वाकलेली मुलगी कुठल्या मदरशातून आलेली नव्हती. त्या क्षणाचे फोटो काढणारा लिट्टेचाच फोटोग्राफर स्फोटात गेला, कॅमेरा मात्र शाबूत राहिला, आणि तपासाला पहिला धागा त्या रोलमधून मिळाला.

१९९५चे दोन महिने घ्या. २० मार्चला टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो पंथाच्या पाच जणांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, सरीन या विषारी रसायनाच्या पिशव्या डब्यात ठेवल्या आणि घासून टोकदार केलेल्या छत्र्यांनी भोसकल्या. १९ एप्रिलला ओक्लाहोमा सिटीत टिमथी मॅकव्हे या अमेरिकी माजी सैनिकाने भाड्याचा ट्रक सरकारी इमारतीपाशी लावला आणि १६८ माणसं मारली, त्यांत १९ लहान मुलं. पहिले काही तास अमेरिकी वाहिन्यांवर संशय मध्यपूर्वेकडेच वळला होता.

तिसरा मुद्दा पटकन उरकतो, कारण तो एका यादीनेच पडतो. पेरोव्स्कायाचे वडील पीटर्सबर्गचे गव्हर्नर राहिले होते. जर्मनीच्या रेड आर्मी फॅक्शनची उलरिके माइनहोफ नावाजलेली पत्रकार. टोकियोत छत्री भोसकणाऱ्यांपैकी एक हृदयाची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. ११ सप्टेंबरचा महंमद अत्ता हॅम्बुर्गला नगररचना शिकलेला. पेरूच्या ‘शायनिंग पाथ’चा अबिमाएल गुझमान तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. कुणीही अडाणी नाही, कुणीही उपाशी नाही. शिकल्याने माणूस यातून वाचतो ही आपली मध्यमवर्गी समजूत आहे, मी शिक्षक असल्यामुळे मलाही ती फार आवडते.

राहिली गोळी. श्रीलंकेने २००९मध्ये लिट्टे लष्करी बळानेच संपवली, हे मेसेजवाल्यांच्या बाजूचं उदाहरण. त्या शेवटच्या काही महिन्यांत ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत असा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीचा अंदाज आहे. तोही त्याच उदाहरणाचा भाग. पण ‘जगात कुठेही नाही’? उत्तर आयर्लंडमध्ये तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली आणि १९९८च्या कराराने ते बव्हंशी थांबलं. आयआरए, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध लढणारी आयरिश रिपब्लिकन आर्मी. तिने १९७९मध्ये माउंटबॅटनना त्यांच्या बोटीसकट उडवलं होतं. २०१२मध्ये त्याच आयआरएचा एकेकाळचा कमांडर मार्टिन मॅकगिनेस बेलफास्टला इंग्लंडच्या राणीशी हात मिळवत होता, आणि माउंटबॅटन तिच्या नवऱ्याचे मामा. रँड या अमेरिकी संस्थेने १९६८ ते २००६ या काळातल्या ६४८ संघटना तपासल्या. ज्या खरोखर संपल्या त्यांपैकी ४३ टक्के राजकारणात मिसळल्या, ४० टक्के पोलीस आणि हेरखात्याने संपवल्या, १० टक्के चक्क जिंकल्या, आणि लष्कराने संपवल्या फक्त ७ टक्के.

पोलिसांचं काम कसं दिसतं ते पेरूत बघा. १९८० पासूनच्या तिथल्या यादवीत ६९ हजारांवर माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, असं सत्यशोधन आयोगाने म्हटलं. बहुतेक डोंगरातले गरीब शेतकरी. निम्म्याहून जास्त बळी शायनिंग पाथने घेतले, उरलेल्यांतले बरेचसे लष्कर आणि पोलिसांनी. बारा वर्षं गुझमान सापडला नाही. मग लिमातल्या एका छोट्या पोलीस पथकाने एका नृत्यशाळेवर नजर ठेवली. कागदावर तिथे एकटी नर्तकी राहत होती, पण कचरा एका माणसाच्या मानाने फार निघत होता. पथकाने तो रोज नेऊन चिवडला. सिगारेटची थोटकं मिळाली, विन्स्टनची. सोरायसिसच्या मलमाच्या रिकाम्या ट्यूब मिळाल्या, आणि गुझमानला सोरायसिस होता. १२ सप्टेंबर १९९२ला ते वरच्या मजल्यावर गेले आणि एकाचाही जीव न जाता त्याला घेऊन खाली आले. राष्ट्राध्यक्ष त्या दिवशी मासेमारीला गेले होते. पथकाने त्यांना आधी कळवलंही नव्हतं. संघटना त्यानंतर काही वर्षांत विस्कटली. गुझमान २०२१मध्ये तुरुंगात मेला, ८६ वर्षांचा होऊन.