मागच्या दाराने आलेली पट्टी : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलं आहे : "टेस्टचा डेटा एपीआयने भरायचा आणि वर तिला एंड-टू-एंड म्हणायचं, ही स्वतःचीच फसवणूक आहे. माणूस एपीआय मारत नाही, बटणं दाबतो. आमच्या सगळ्या टेस्ट लॉगिनपासून सुरू होतात, दोन वर्षांत काही अडलं नाही. आणि टेस्टसाठी सर्व्हरवर वेगळा रस्ता ठेवणं म्हणजे चोराला आमंत्रण." दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण तुमच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे आणि ती मी लेखात गाळली होती. म्हणून हे लांबण.

लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. टेस्ट म्हणजे ॲप नीट चालतं का ते आपोआप तपासणारा कोड, एंड-टू-एंड म्हणजे वापरणाऱ्यासारखं ब्राउझरमधून पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासणारी टेस्ट, आणि एपीआय म्हणजे पडद्यावरची बटणं न दाबता सर्व्हरशी थेट बोलायचा रस्ता. आम्ही नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्याच्या अडत्यांसाठी हिशेबाचं वेब ॲप बनवतो. गाडी येते, आवक नोंदली जाते, लिलाव होतो, हमाली-तोलाई कापून शेतकऱ्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी) निघते, मग पैसे. अर्धे पैसे दिल्यावर बाकी बरोबर दिसते का, एवढंच पाहायचं असलं तरी आधी ही अख्खी वरात काढावी लागते. मी म्हटलं होतं की वरात एपीआयने काढा आणि ब्राउझर फक्त शेवटच्या पानावर उघडा.

आधी तुमचं खरं ते. सुरुवातीला आम्ही एपीआयसुद्धा वापरत नव्हतो, सरळ एसक्यूएलने, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत, त्याच्या टेबलात ओळी कोंबत होतो. कोणीतरी जुन्या डेटातून एक नमुना पट्टी उचलली आणि तीच सगळीकडे वापरली. त्या पट्टीत शेतकऱ्याच्या रकमेतून अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, कापलेली होती. आता 2016 पासून महाराष्ट्रात फळं-भाजीची अडत शेतकऱ्याकडून नाही, खरेदीदाराकडून घ्यायची आहे. आमचं ॲप ती कापूच देत नाही. म्हणजे ज्या पट्टीवर आमच्या निम्म्या टेस्ट उभ्या होत्या, तशी पट्टी ॲपमधून कधी निघूच शकत नव्हती! आणि खरा दोष नेमका तिथेच होता : कपातीत अडतीची ओळ नसली की छापील पट्टीवर एकूण कपातीची जागा कोरी यायची. टेस्ट हिरव्यागार, म्हणजे सगळ्या पास. अंबिया बहाराची आवक भरात असताना एका अडत्याने फोन केला, "साहेब, कपात किती झाली ते शेतकरी विचारून राहिला, मी काय सांगू?" त्या दिवशी मला बोलायला जागा नव्हती.

त्यामुळे फसवणूक होते हे मान्य. फक्त ती बटण न दाबल्याने झाली नाही, ॲपचे नियम ओलांडून डेटा आत घुसवल्याने झाली. आमच्या ॲपमध्ये बटण शेवटी ज्या एपीआयला हाक मारतं, तोच एपीआय टेस्टने मारला तर अडत नाकारणारा नियमही चालतो आणि हमाली मोजणारा कोडही. पट्टी जन्माला येते ती ॲपच्याच हातून. एसक्यूएलने ती बाहेरून आणून ठेवली जाते. मी दोन्हींना एकाच वाक्यात 'डेटा भरणं' म्हटलं, ती माझी चूक.

आता तुमच्या 'सगळ्या टेस्ट लॉगिनपासून'कडे येतो. समजा ब्राउझरमधली एक कृती हजारात 999 वेळा बिनबोभाट होते. पूर्वतयारीसकट एका टेस्टमध्ये 30 कृती, अशा 60 टेस्ट, म्हणजे 1800 कृती. सगळं एका दमात हिरवं येण्याची शक्यता 0.999 चा 1800 वा घात, साधारण 16-17 टक्के. सहा वेळा चालवलं तर एकदा. तयारी ब्राउझरबाहेर काढून टेस्टमागे 5 कृती ठेवल्या तर एकूण 300, आणि शक्यता 74 टक्क्यांच्या आसपास. ॲप तेच. एपीआयही कधी अडखळतो, पण ॲनिमेशन संपायची आणि ड्रॉपडाउन उघडायची वाट त्याला पाहावी लागत नाही. तुम्ही म्हणता अडलं नाही. पण लाल आलेली टेस्ट न वाचता पुन्हा चालवायची सवय तुमच्याकडे लागली आहे का, तेवढं एकदा बघा. आमच्याकडे लागली होती. शिवाय आवकेच्या पानावर एक ड्रॉपडाउन बिघडला की पैशांच्या साठही टेस्ट लाल. शोधायचं कुठे?

लॉगिनचं तर फार सोपं आहे. प्लेराइटमध्ये (ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट करायचं साधन) एकदा लॉगिन करून ब्राउझरची ती अवस्था फाइलमध्ये साठवता येते आणि पुढची प्रत्येक टेस्ट तिथून सुरू होते. सायप्रेस या तशाच दुसऱ्या साधनात त्यासाठी सेशन कमांड आहे. ब्राउझर माहिती ठेवतो त्या जागांपैकी प्लेराइटच्या फाइलमध्ये कुकी आणि लोकल स्टोरेज जातं, सेशन स्टोरेज जात नाही. आमचं टोकन (लॉगिन झाल्याची खूण) नेमकं सेशन स्टोरेजमध्ये होतं. अर्धा दिवस टेस्ट लॉगिनच्या पानावरच फिरून राहिली आणि मी प्लेराइटला शिव्या घालत बसलो. आणि ती फाइल गिटमध्ये (कोडच्या सामायिक साठ्यात) टाकू नका, आत लॉगिनच्या चालू कुकी असतात.

आता वेगळा रस्ता. हा वादाचा खरा भाग आहे. पट्टीचे पैसे 15 दिवस थकले की आमच्याकडे लाल खूण येते. ती तपासायला 16 दिवस जुनी पट्टी हवी, आणि एपीआय मागच्या तारखेची पट्टी घेत नाही, घेऊही नये. प्लेराइटमध्ये 1.45 पासून घड्याळ पुढे-मागे करता येतं, म्हणून मी खूश झालो होतो. पण ते फक्त पानातलं घड्याळ. थकबाकी सर्व्हर मोजतो आणि त्याच्या लेखी अजून आजच असतं. शेवटी सर्व्हरवर 'आत्ता किती वाजले' हे सांगणारं एकच फंक्शन ठेवलं, सगळ्या कोडने त्यालाच विचारायचं, आणि टेस्टच्या बिल्डमध्ये (फक्त टेस्टसाठी बांधलेल्या ॲपच्या प्रतीत) ते फंक्शन हलवणारा एक रस्ता जोडला. मग पट्टी नेहमीच्याच एपीआयने काढायची, नियम जसेच्या तसे, आणि नंतर सर्व्हरचं घड्याळ 16 दिवस पुढे.

चोराचं म्हणाल तर भीती रास्त आहे. सेटिंग चालू-बंद करून रस्ता झाकणं मला पटत नाही. सेटिंग चुकीचं जायला एक शुक्रवार संध्याकाळ पुरते. म्हणून तो कोड प्रॉडक्शनच्या, म्हणजे खरे अडते वापरतात त्या, बिल्डमध्ये जातच नाही, आणि प्रत्येक डिप्लॉयनंतर (नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवली की) एक छोटी तपासणी तो पत्ता उघडून बघते. 404 ('असं पान नाही') आला नाही तर डिप्लॉय मागे.

घड्याळाचाच विषय निघाला म्हणून : आपण यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे. रात्री 12 ते पहाटे 5:30 यूटीसीत अजून कालची तारीख असते. आमच्या टेस्ट रात्री दोनला यूटीसीवरच्या मशीनवर चालायच्या आणि आजची आवक कालच्या पानावर शोधायच्या. दिवसा कोणी चालवलं की सगळं ठीक. ब्राउझरचा टाइमझोन आणि सर्व्हरचा टाइमझोन वेगवेगळे ठरवावे लागतात, एक केल्याने दुसरा होत नाही.

टेस्टने मागे ठेवलेल्या डेटाच्या साफसफाईबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण दुसऱ्या एकाने ट्रान्झॅक्शन रोलबॅक (डेटाबेसमधले बदल पक्के न करता शेवटी मागे घेणं) सुचवलं आहे. कोडचा एकच तुकडा तपासणाऱ्या युनिट टेस्टमध्ये ते झकास चालतं. इथे टेस्टचं डेटाबेस कनेक्शन वेगळं, ॲपचं वेगळं. कमिट (पक्क्या) न झालेल्या ओळी ॲपला दिसणारच नाहीत. आम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक टेम्प्लेट (साचा) डेटाबेस ठेवतो आणि त्यावरून प्रत्येक वर्करला (एकाच वेळी टेस्ट चालवणाऱ्या प्रक्रियांपैकी प्रत्येकीला) स्वतःची प्रत देतो. प्रत काढताना मूळ डेटाबेसला कोणी जोडलेलं नसावं, एवढं पथ्य. आणि सफाई टेस्टच्या आधी करा, नंतर नको. टेस्ट मध्येच मेली तर नंतरची सफाई होईलच असं नाही, आणि झाली तर पुरावा पुसून जातो.

राहता राहिलं तुमचं बटणं दाबणं. आमच्याकडे एक टेस्ट अशी आहे जी लॉगिनपासून शेवटचा पैसा चुकता होईपर्यंत सगळं बटणांनीच करते, आणि शेवटी छापील पट्टीवरची कपातही वाचते. ती सर्वांत संथ आहे, महिन्यातून एखाद वेळा उगीच लाल होते. नाव 'वरात' ठेवलं आहे. ती काढायचा विषय दोनदा निघाला, दोन्ही वेळा मीच नाही म्हटलं.