'जुनी गाडी कंपनीतच टाका' असं सांगणारा तो फॉरवर्ड, आणि माझं म्हणणं

आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग आत्याने फॅमिली ग्रुपवर टाकला, आणि काल ऑफिसात एकाने तोच मला वाचून दाखवला, म्हणजे तुमच्यापर्यंतही पोचला असेलच. "गाडी जुनी झाली म्हणून चार पैसे वाचवायला गल्लीतल्या गॅरेजला देताय? थांबा!" अशी सुरुवात आणि खाली सहा मुद्दे. थोडक्यात असे: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरऐवजी बाहेर काम केलं की वॉरंटी जाते, इन्शुरन्सवाले क्लेम नाकारतात, ओरिजिनल पार्ट फक्त कंपनीत मिळतात, आताच्या गाड्या कॉम्प्युटरवर चालतात आणि स्कॅनर फक्त कंपनीकडे असतो, शिकलेली माणसं तिथेच असतात, आणि विकताना भाव पडतो.

माझी २०१३ ची ह्युंदाईची आयटेन आहे, १.२ लिटरचं 'कप्पा' नावाचं पेट्रोल इंजिन, रनिंग एक लाख अठरा हजार. पहिली पाच वर्षं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला, मग बाहेर, मधे एकदा भीतीपोटी परत कंपनीत, आणि आता पुन्हा बाहेर. त्यामुळे दोन्हीकडचं पाणी पिऊन झालंय आणि दोन्हीकडे पोट बिघडलंय, हे आधीच सांगून ठेवतो.

वॉरंटीचं सगळ्यात सोपं. अहो, बारा वर्षांच्या गाडीला कसली वॉरंटी? ती संपूनही जमाना झाला. आणि नव्या गाडीच्या बाबतीतही हे तितकं सरळ नाहीये. २०१४ मधे कॉम्पिटिशन कमिशनने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोकला होता, कारण काय तर पार्ट आणि दुरुस्तीची अवजारं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हते. त्याच निकालात असंही म्हटलंय की बाहेर सर्व्हिसिंग केलं एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या कामाने जे बिघडलं तेवढ्यापुरतंच बोला. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या, दंडाची भांडणं पुढे चालली ती वेगळी. पण गाडी वॉरंटीत असेल तर मी स्वतःसुद्धा कंपनीतच नेईन, उगाच कोण वाद घालत बसणार. आपण बोलतोय ते जुन्या गाडीबद्दल, आणि तिथे हा मुद्दा लागूच होत नाही.

इन्शुरन्सच्या मुद्द्याने मात्र लोक खरंच घाबरतात, आमची आत्या त्यालाच घाबरली. तर आत्या, ऑइल कुठे बदललं आणि ब्रेक पॅड कोणी टाकले यावर ॲक्सिडेंटचा क्लेम ठरत नाही. क्लेम अडतो तो पॉलिसी संपलेली असली, चालवणाऱ्याकडे लायसन्स नसलं, सर्व्हेअर येऊन बघायच्या आधीच गाडी खोलली, सीएनजी किट बसवलं पण आरसीवर चढवलंच नाही, असल्या गोष्टींवर. किंवा पावसात पाण्यात बंद पडलेली गाडी आपण सेल्फ मारमारून चालू करायला जातो, इंजिनात पाणी ओढलं जातं, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि वेगळं इंजिन कव्हर घेतलेलं नसतं. कॅशलेस हवं असेल तर नेटवर्कमधलं गॅरेज लागतं हे खरं, पण त्या यादीत कंपनीवालेच असतात असं नाही, सगळ्या मेकच्या गाड्या घेणारी गॅरेजंही असतात. आणि यादीबाहेर केलंत तर इन्शुरन्सवाल्यांना कळवून, सर्व्हे करून, बिलं लावून पैसे मागायचे.

खरी मेख फॉरवर्डमधे नाहीचे. गाडी दहा वर्षांच्या पुढे गेली की लोखंडी पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, प्लास्टिक-रबरवर तर पहिल्या दिवसापासून ५० टक्के, फक्त काचेवर शून्य. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, बहुतेकांना पाच-सात वर्षांनंतर मिळत नाही. म्हणजे बंपर फुटला तर अर्धा आपल्याच खिशातून. मग जिथे लेबर आणि पेंटिंगचे रेट चढे तिथे क्लेम पास होऊनही आपला वाटा मोठाच बसतो. जुन्या गाडीला इन्शुरन्सच्या हिशोबाने बघितलं तरी बाहेरचं चांगलं गॅरेज स्वस्त पडायची शक्यता जास्त, आणि हे लोक नेमकं उलटं सांगतायत.

आता पार्ट. "ओरिजिनल फक्त कंपनीत" हे लिहिणाऱ्याने पुण्यात नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांत एक चक्कर मारावी. दुकानदार पहिला प्रश्न काय विचारतो? "कंपनीचा देऊ, ब्रँडेड देऊ की लोकल?" या एका वाक्यात सगळं आलं. कंपनीचा म्हणजे गाडीच्या कंपनीच्या डब्यातला, ह्युंदाईचा असेल तर मोबिसचा, होलोग्रामवाला, तो त्यांच्या पार्ट काउंटरवर कोणालाही मिळतो, गाडी त्यांच्याकडे टाकायची अट नाही. ब्रँडेड म्हणजे बॉश, गॅब्रिएल, ल्युमॅक्स, व्हॅलिओ वगैरे, हीच मंडळी कार कंपन्यांनाही माल देतात, बऱ्याचदा वस्तू त्याच घरची, डबा वेगळा आणि भाव कमी. आणि लोकल म्हणजे लोकल, ते दाराच्या हँडलला किंवा मडफ्लॅपला चालेल, पण ब्रेकला, बेल्टला, बॉल जॉइंटला लोकल घालणाऱ्याला मी तरी गाडीला हात लावू देत नाही. डुप्लिकेट माल बाजारात भरपूर आहे, ऑइल फिल्टर तर हुबेहूब कंपनीच्या डब्यात मिळतात, तेवढा भाग फॉरवर्डचा बरोबर. त्यावर उपाय एवढाच की मी पार्ट स्वतः आणतो किंवा डबा माझ्यासमोर फोडायला लावतो, आणि जुना पार्ट घरी घेऊन येतो. बायको म्हणते भंगाराचं दुकान काढ.

आणि एक सांगा, शेवरोलेवाल्यांनी काय करायचं? २०१७ च्या शेवटी त्यांनी इथली विक्री बंद केली. ज्या तळेगावच्या प्लांटमधे बीट आणि स्पार्क बनायची तो आज ह्युंदाईकडे आहे. २०२१ मधे फोर्डने इथलं उत्पादन गुंडाळायचं जाहीर केलं, त्याच्या आधी फियाट गेली. या गाड्या रस्त्यावर अजून पळतायत ना? त्या पळतायत त्या बऱ्याच अंशी बाहेरच्या गॅरेजांच्या जिवावर, दुसरं काय.

स्कॅनरचा मुद्दा वाचून तर हसूच आलं. २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे स्कॅनर जोडायचं सॉकेट आलं, स्टिअरिंगच्या खाली हात घातला की लागतं, आणि त्यात खुपसायचा ब्लूटूथ डोंगल काही शे रुपयांत मिळतो. बऱ्या गॅरेजकडे त्याहून मोठा, सगळ्या मेकला चालणारा स्कॅनर असतो. पण स्कॅनर रोग सांगतच नाही, तो फक्त कुठे दुखतंय ते सांगतो. माझ्या गाडीला चेक इंजिन लाइट लागला, गाडी सिग्नलला थरथरायला लागली, पिकअप गेला. कोड आला पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरमधे मिसफायर, पेट्रोल नीट पेटत नाहीये. आता हा प्लग असू शकतो, कॉइल असू शकते, इंजेक्टर असू शकतो, आणखीही काही. कंपनीत सांगितलं, "सर, चारही कॉइल आणि प्लगचा सेट बदलून घ्या, सेफ राहील." आमच्या मेकॅनिकने काय केलं, पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर लावली, दुसऱ्याची पहिल्यावर, कोड पुसला, म्हणाला एक राउंड मारून या. मी पाच मिनिटांनी परत आलो तर कोड पी०३०२. कॉइलबरोबर दुखणंही दुसऱ्यावर गेलं, म्हणजे कॉइलच खराब, इंजेक्टर आणि प्लग सुटले. एक कॉइल बदलली, प्लग ब्रशने साफ करून परत टाकले, विषय संपला. यात स्कॅनर दहा टक्के आणि डोकं नव्वद टक्के.

ट्रेनिंगच्या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तिथेच गंमत आहे. कंपनीतल्या पोरांना ट्रेनिंग मिळतं, नाही असं कोण म्हणतंय, पण ते मुख्यतः आता विकल्या जाणाऱ्या मॉडेलांचं. आणि ज्याला ट्रेनिंग मिळालंय तो काचेच्या पलीकडे, तुमच्याशी बोलतो तो टॅबवाला ॲडव्हायझर. तुम्ही "डावीकडून कट-कट येतं, पण फक्त हळू असताना खड्ड्यात" असं सांगता, तो लिहितो "नॉइज", आणि आतल्या माणसापर्यंत तेवढंच पोचतं. मग दुपारी तीनला फोन, "सर, चेकिंगमधे काही गोष्टी एक्स्ट्रा निघाल्यात." मी भीतीपोटी परत कंपनीत गेलो होतो म्हटलं ना, तेव्हा या कट-कटसाठी एस्टिमेट आलं तेवीस हजार: पुढचे दोन्ही शॉकअप, माउंटिंग, दोन्ही लोअर आर्म, वर इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्शन, आणि, हे ऐका, टायमिंग बेल्ट. कप्पा इंजिनला बेल्ट नसतोच, चेन असते! १.१ वाल्या आयटेनला बेल्ट असतो. त्या पोराची चूक नाही, तो बहुतेक शाळेत असेल ही गाडी शोरूममधे होती तेव्हा, किलोमीटर बघून यादीतलं टिक केलं असणार. मी म्हटलं याला चेन आहे, तर तो म्हणाला, "ओके सर, रिमूव्ह करतो." भाजीत कोथिंबीर नको म्हटल्यासारखं.

गाडी तशीच घेऊन निघालो. आमच्या मेकॅनिकने आधी मला बाजूला बसवून स्वतः गाडी चालवली, मुद्दाम गटाराच्या झाकणावरून दोनदा नेली. मग जॅक लावला, खाली स्टँड ठेवला, पहार घेऊन लोअर आर्मच्या मागच्या रबरी बुशला रेटा दिला आणि मला म्हणाला खाली वाका. रबर फाटून लोंबत होतं, आर्म बोटभर हलत होता. दोन्ही बाजूचे बुश प्रेसवर बसवून आणले, वर अलाइनमेंट, सगळं मिळून अडीच हजाराच्या आत. शॉकअप अजून तेच आहेत.

पण म्हणून "गल्लीतला मेकॅनिक म्हणजे देव" असा उलटा फॉरवर्ड कोणी काढू नका. याच्या आधीच्या एकाने माझ्या रेडिएटरमधे कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलं होतं, "काय फरक पडतो साहेब" म्हणत. दीड वर्षाने रेडिएटरची टोपी उघडली तर आत चहा. रेडिएटर, थर्मोस्टॅट, दोन्ही पाइप बदलावे लागले, इंजिनचं हेड वाचलं हे नशीब. तेव्हापासून नवीन गॅरेजला पहिलं काम मी छोटंच देतो, ऑइल आणि फिल्टर, आणि बघत उभा राहतो. मॅन्युअलमधली ग्रेड विचारतो का, की सगळ्यांना एकाच ड्रममधलं ओततो? ड्रेन बोल्टचं वॉशर बदलतो का? नुसत्या जॅकवर गाडीखाली घुसतो का? जो स्वतःच्या जिवाला जपत नाही तो माझ्या गाडीला काय जपणार. आणि दारात माझ्यासारख्या दोन-तीन गाड्या उभ्या असल्या तर निम्मी परीक्षा तिथेच पास.

काही कामं मी आजही कंपनीतच करतो. एअरबॅगचा लाइट लागला, इमोबिलायझरची (चिपवाली) चावी हरवली, की सरळ तिकडे. आणि रिकॉल. होंडाने टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगसाठी जुन्या सिटी, जॅझ, अकॉर्ड परत बोलावल्या होत्या आणि बदल फुकट करून दिला होता. आपल्या गाडीचं काही आहे का ते चासी नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघता येतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कंपनीची बाजू घ्यायचीच होती तर हा मुद्दा घालायचा, तोच नेमका नाहीये त्यात.

राहिला विकतानाचा भाव. पाच-सात वर्षांच्या गाडीला कंपनीची हिस्टरी कामाची, कारण रनिंग खरं की मीटर मागे फिरवलाय ते त्यात कळतं. पुढे फारसं कोणी विचारत नाही. बाबांची २०१० ची ऑल्टो गेल्या वर्षी विकली, घेणाऱ्याने काय बघितलं तर आरसीवर मालक किती, पासिंग कधीपर्यंत, कार्पेट उचलून खाली गंज, बॉनेटचे बोल्ट खोललेत का, आणि गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण काढून धूर येतो का. मी नाना पेठेतल्या पावत्यांची फाइल पुढे केली, तेलाचे डाग पडलेली, तारीख आणि किलोमीटर पेनाने लिहिलेली, ती त्याने पानं उलटून बघितली आणि मान हलवली. घासाघीस झाली ती शेवटी मागच्या टायरांवरून, आणि टायर तेवढे बाबांनी कंपनीत टाकले होते.