चौकोनी पोपट, गोल पोपट

पोपटाची चोच कापली गेल्याचं मला रात्री पावणेबाराला कळलं. आमच्याकडे अँड्रॉइड फोनसाठी ॲप बसवतो त्या अँड्रॉइडवाल्याचा मेसेज आला. एक स्क्रीनशॉट, आणि खाली एकच ओळ: "ताई, हा मुद्दाम असा आहे का?" मी चित्र मोठं करून पाहिलं. गोल खिडकीत काहीतरी हिरवंगार बसलं होतं. डोळा होता, गाल होता, आणि जिथून चोच सुरू व्हायची नेमकं तिथे वर्तुळ संपलं होतं. चोच काढून घेतली की पोपटाचं काय उरतं, याचा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता. बेडूक उरतो.

मी ॲपचे आयकॉन करते. ॲप दुसरेच कुणी बनवतात, मी दारावरची पाटी रंगवते. "नखाएवढ्या चित्राला तीन आठवडे?" हा प्रश्न मला सख्ख्या नातेवाइकांपासून बिलं तपासणाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारून झाला आहे. चित्र नखाएवढं असतं हे खरं. पण ते टांगायचं असतं दोन घरांत, एक आयफोनचं, एक अँड्रॉइडचं, आणि त्या दोन घरांचं एकमेकांशी बोलणं नाही.

या खेपेचं ॲप होतं परक्या भाषेतले शब्द पाठ करून घेणारं. ॲपच्या मालकांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, "मॅडम, पोपट. पाठांतर म्हटलं की पोपट." इथे थांबले असते तर मी त्यांना दुवा दिला असता. पण पोपट फांदीवर हवा होता. त्याला चष्मा हवा होता, पंखाखाली पुस्तक हवं होतं, वर ॲपचं नाव हवं होतं आणि कोपऱ्यात लाल पट्टीवर 'मोफत'. मी म्हटलं, सर, आयकॉनवर किंमत नि जाहिरात लिहिलेली गूगल प्लेच्या नियमात बसत नाही, आणि नाव तर आयकॉनखाली फोन स्वतःच लिहितो. त्यावर ते म्हणाले, "मग दोनदा दिसेल. वाईट काय त्यात?" अशा प्रश्नाला उत्तर नसतं. चष्मा आणि पुस्तक उतरवायला मला दोन बैठका लागल्या. फांदीवर मात्र त्यांचा जीव होता, म्हणून ती राहिली. तिने पुढे व्हायचा तो घोळ घातलाच.

आधी घर क्रमांक एक. आयफोनचं म्हणणं असं की तुम्ही मला १०२४ बाय १०२४ ठिपक्यांचा सरळ चौकोन द्या, कडेपर्यंत रंग भरून; कोपरे मी कापीन. एका आयकॉनच्या वेळी मला वाटलं होतं, कोपरे आपणच गोल करून द्यावेत, तेवढाच हातभार. तो हातभार नडला. आयफोनचा कोपरा म्हणजे वर्तुळाचा पाव तुकडा नव्हे. चांगल्या रस्त्याचं वळण जसं कुठे सुरू झालं ते कळत नाही, तसा तो सरळ कडेतून हळूच कलायला लागतो. माझी गोलाई वेगळी, त्याची गोलाई वेगळी. दोन्हींच्या मधे केसाएवढी फट राहिली आणि त्या फटीतली पारदर्शक जागा काळी होऊन बाहेर डोकावायला लागली. चार कोपऱ्यांना चार काळी नखं. तेव्हापासून मी कोपऱ्यांना हात लावत नाही.

पारदर्शकतेचा तर त्या घरात विटाळच. ॲप स्टोअरसाठीच्या मोठ्या चित्रात एकही आरपार ठिपका नको, हे समजण्यासारखं आहे. पण सगळे ठिपके ठार अपारदर्शक असले आणि फाइलमध्ये पारदर्शकतेचा थर नुसता रिकामा पडून असला, तरीही चित्र परत येतं. चोर नाही, चोरी नाही, पण खिडकीला कडी नाही ना, मग घर नापास. हे माझ्या हातून तीनदा झालं आहे. चौथ्यांदा होऊ नये म्हणून मी स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी चिकटवली होती. ती पडली, आणि चौथ्यांदाही झालं.

दुसऱ्या घराची तऱ्हा उलटी. तिथे पूर्वी एकच चित्र पाच मापांत द्यावं लागे: ४८, ७२, ९६, १४४ आणि १९२ ठिपके. कंटाळवाणं, पण सरळ काम. मग २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ आलं आणि म्हणालं, आता एक चित्र नको, दोन थर द्या; एक मागचा, एक पुढचा. दोन्ही १०८ एककांचे. त्यातली चारही बाजूंची १८-१८ एककं आम्ही झाकणार, मधली ७२ दाखवणार, आणि त्यातही नक्की शाबूत राहील अशी हमी फक्त मधल्या ६६ एकक व्यासाच्या वर्तुळाची. का? तर आयकॉनचा आकार फोन बनवणारा ठरवणार. कुणाच्या फोनवर तो गोल, कुणाच्या फोनवर गोलसर चौकोन, कुणाच्या फोनवर पाण्याच्या थेंबासारखा. शिंप्याने कापड मागून घ्यावं आणि कपडा कुणाच्या अंगाचा ते शेवटपर्यंत सांगू नये, तसला प्रकार.

चोचीचा अपघात इथला. आयफोनसाठी ऐसपैस काढलेला पोपट मी आळसाने तसाच उचलून अँड्रॉइडच्या पुढच्या थरात ठेवला होता. चोच ६६ च्या बाहेर होती. चूक शंभर टक्के माझी. त्या रात्री पोपट लहान करून वर्तुळात बसवला आणि पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी मालकांनी दोन फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अँड्रॉइडचा पोपट उपाशी दिसतोय."

आयफोनवाला आणि अँड्रॉइडवाला आमच्याकडे एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसतात. एकाला काही विचारलं की तो आपल्या घरचा नियम सांगत नाही, दुसऱ्याच्या घरची उखाळीपाखाळी काढतो. "आमच्याकडे असलं काही नसतं ताई," हे वाक्य मी दोघांच्याही तोंडून, एकाच सकाळी, परस्परविरुद्ध गोष्टींबद्दल ऐकलं आहे.

आता फांदी. मी भाबडेपणाने फांदी मागच्या थरात काढली आणि पोपट पुढच्या थरात. चित्रकाराच्या हिशेबाने हेच बरोबर. पण ती झाकलेली १८ एककं उगाच ठेवलेली नसतात. फोनच्या मनात आलं तर तो आयकॉनला झोका देतो, आणि दोन थर वेगवेगळ्या वेगाने सरकतात. अँड्रॉइडवाल्याने आयकॉन बोटाने दाबून ओढून दाखवला, तर पोपट फांदीवरून घसरला, क्षणभर हवेत राहिला आणि परत येऊन फांदीवर आदळला. त्याने पुन्हा ओढला. पुन्हा घसरला. मग आयफोनवाला खुर्ची सरकवत आला, आणि वर्षभरात पहिल्यांदा ते दोघं एका फोनवर डोकं वाकवून हसताना दिसले. मालकांना मी तेवढंच दाखवलं. फांदी गेली.

हे असं चालू असलं की मला सुझन केअर यांची आठवण होते. १९८४ च्या मॅकिंटॉशचे आयकॉन त्यांनी चौकटीच्या वहीत घरं भरून रंगवले होते. ३२ बाय ३२, काळं किंवा पांढरं, बस्स. म्हणजे एकूण १०२४ ठिपके. त्यांचं अख्खं चित्र जेवढ्या ठिपक्यांत मावायचं, तेवढे ठिपके आज माझ्या चित्राच्या नुसत्या एका ओळीत असतात. माझ्याकडे दहा लाखांहून जास्त ठिपके आहेत आणि त्यात मला एक चोच सांभाळता आली नाही.

बरं, मापं तरी एक धरून राहावीत. आयफोनचा आयकॉन आधी ५७ ठिपक्यांचा होता. २०१० मध्ये पडदा दुपटीने बारीक झाला म्हणून ११४ चा झाला, तक्रार नाही. २०१३ मध्ये आयओएस, म्हणजे आयफोन चालवणारी प्रणाली, सातव्या आवृत्तीला पोचली आणि तो १२० चा झाला. सहा ठिपक्यांसाठी सगळ्या रेषा पुन्हा बसवायच्या! त्याच वर्षी आयकॉनमधलं लाकूड, चामडं, चकाकी, सावल्या सगळं एका फटक्यात हद्दपार झालं. त्याआधी फोन आपल्या मनानेच आयकॉनवर काचेची चमक चढवायचा; नको असेल तर तसं फाइलीत लिहून कळवावं लागे. मी हौसेने लाकडाच्या शिरा काढायला शिकले होते. ती विद्या फुकट गेली. आणि २०२५ मध्ये आयओएस २६ आलं, तर काच हजर. आता तिचं नाव लिक्विड ग्लास. मी आनंदाने जुन्या फाइली उघडल्या, पण त्यांचा उपयोग नव्हता: तुम्ही नुसते थर द्यायचे, चमक फोन चढवणार. सतरा वर्षांनी मी निघाले तिथेच येऊन पोचले, फक्त फाइल जड झाली.

सूचनांचं, म्हणजे नोटिफिकेशनचं, प्रकरण मी थोडक्यात उरकते, कारण आठवलं की अजून कानशिलं तापतात. वरच्या पट्टीत येणारा जो बारका आयकॉन असतो, त्यातले रंग अँड्रॉइड २०१४ पासून, म्हणजे पाचव्या आवृत्तीपासून, फेकून देतं. आकार तेवढा ठेवतं आणि तो पांढरा रंगवतं. मला हे माहीत होतं. तरी घाईत मी हिरव्या पार्श्वभूमीसकट भरलेला चौकोन पाठवला. मी सकाळी विचारलं, "पोपट झाला का?" अँड्रॉइडवाला म्हणाला, "झाला, ताई." सगळ्यांच्या फोनवर वरच्या पट्टीत एक कोरा पांढरा डबा येऊन बसला होता. मालकांचा निरोप आला की सूचना येते आहे, पण आत काही नाही.

त्यानंतर एकरंगी आयकॉन. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून वापरणाऱ्याला आयकॉन आपल्या वॉलपेपरच्या रंगात रंगवून घेता येतात, आणि २०२४ च्या आयओएस १८ ने काळोखातला अवतार आणि हव्या त्या रंगाचा अवतार अशी जोडी आणली. खरं तर ही कल्पना जुनीच. २०१० मध्ये विंडोज फोन आला तेव्हा त्याच्या टाइलवर नुसती पांढरी आकृती असायची आणि मागचा रंग वापरणाऱ्याच्या मर्जीचा. आम्ही तेव्हा नाकं मुरडली होती. तो फोन गेला, त्याची खोड मात्र दोन्ही घरांत ठेवून गेला. मालकांच्या मुलीच्या फोनवर आमचा पोपट जांभळा दिसत होता. मालक फोन घेऊन माझ्याकडे आले.

"मॅडम, हा जांभळा आहे."

"हो सर. तिने तसा रंग निवडलाय."

"पण पोपट हिरवा असतो."

"तिला जांभळा हवाय, सर."

ते बराच वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "पण मग त्याला पोपट कशावरून म्हणायचं?" तीन आठवड्यांत त्यांनी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. रंग गेला, फांदी गेली, की उरते ती बाह्यरेषा. म्हणून मी बाह्यरेषेच्या मागे लागले. पिसं पुसली. पाय पुसले, ४८ ठिपक्यांत ते नाहीतरी मळासारखे दिसत होते. पंख अंगात विरघळवला. मान आणि शेपूट मिळून एकच वळण केलं, आणि हे सगळं त्या ६६ च्या वर्तुळात गोळा केलं. गोल थोरलं डोकं आणि खाली बारीक होत डावीकडे वळलेली शेपूट. चोच म्हणून डोक्याला एक जेमतेम टोक ठेवलं. हिरवा, जांभळा, पांढरा, काळा, कुठल्याही रंगात ओतला तरी आकार तोच. गोल कापा, थेंबासारखा कापा, काही तुटत नाही. मी माझ्यावरच खूश झाले.

संध्याकाळी भाची आली होती. तिसरीत आहे. मी फोन हातभर लांब धरून तिला विचारलं, "सांग बघू, काय आहे हे?"

तिने क्षणाचाही विचार केला नाही. "स्वल्पविराम."

"नीट बघ ना. पक्षी आहे."

तिने फोन हातात घेतला, तिरका केला, सरळ केला. "मावशी, आमच्या बाईंनी कालच शिकवलाय. वर ठिपका, खाली शेपटी. हा स्वल्पविरामच आहे. फक्त हिरवा आहे."

मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. तारीख उलटून गेली होती. आयफोनवाल्याने काचेचे थर लावले, अँड्रॉइडवाल्याने एकरंगी थर लावला, पारदर्शकतेची कडी मी यावेळी दोनदा तपासली. दोन्ही स्टोअरमध्ये पोपट पहिल्या खेपेला पास झाला. मालकांनी दोन्ही फोन पुन्हा शेजारी ठेवून पाहिले, मान डोलावली आणि "छान आहे, साधा आहे" म्हणाले. पोपट हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. मीही उच्चारला नाही.

परवा त्यांचा मेसेज आला. ॲप बरं चाललं आहे, लोकांना आयकॉन लक्षात राहतो आहे, पुढच्या आवृत्तीत फक्त एक छोटासा बदल हवा आहे. खाली लिहिलं होतं:

"मॅडम, तो स्वल्पविराम जरा मोठा करता येईल का?"