‘खेड्यात पॅरामेडिक कशाला?’ विचारणाऱ्यांना उत्तर

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय: ‘ग्रामीण भागात पगारी पॅरामेडिक नेमणं म्हणजे पैशांची नासाडी. रुग्णाला लवकर दवाखान्यात पोचवलं की झालं. तसेही तिथे रुग्णवाहिकेला कॉल कमी. हे काम स्वयंसेवक फुकटात करतात.’ पॅरामेडिक म्हणजे रुग्णवाहिकेवरचा, जागेवरच तातडीचे उपचार देणारा प्रशिक्षित कर्मचारी. पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण असल्याच हिशोबावर पदं रद्द होतात.

आधी ‘पोचवलं की झालं’ बघू. १९६०च्या दशकाच्या मध्यात उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी गाडीच्या बॅटरीवर चालणारा डेफिब्रिलेटर, म्हणजे विजेचा झटका देऊन हृदयाचे ठोके पूर्ववत करणारं यंत्र, रुग्णवाहिकेत बसवला, कारण हृदयविकाराचे कितीतरी रुग्ण दवाखान्याच्या दारापर्यंत पोचतच नव्हते. दवाखाना दहा मिनिटांवर असेल तर नुसती गाडी पळवून एक वेळ भागेल. तो तासाभरावर असेल, तर तो अख्खा तास रुग्ण कोणाच्या हाती असतो, यावरच सगळं ठरतं. हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली असेल आणि निदानानंतर १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लवकरात लवकर द्यावं लागतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या ग्रामीण भागात पॅरामेडिक ईसीजी काढून ते जागेवरच देतात. म्हणजे अंतर जितकं जास्त, तितकी प्रशिक्षित माणसाची गरज जास्त. मेसेज नेमकं उलटं सांगतो.

आता गाडीच्या आत काय चालतं ते बघा. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची असते. दोन मिनिटांत हात भरून येतात, दाब उथळ होऊ लागतो, म्हणून माणूस बदलावा लागतो. दर तीस दाबांनंतर मास्कने दोन श्वास द्यायचे ते वेगळेच. गाडीत माणसं दोन, त्यातला एक स्टिअरिंगवर. मग बदलायला कोण येणार?

कॉल कमी येतात हे खरं आहे. पण कॉल कमी म्हणजे हाताला सराव कमी, त्यामुळे तिथे प्रशिक्षण उलट जास्त लागतं. शिवाय पगारी पॅरामेडिक मधल्या वेळात रिकामा बसलाच पाहिजे असं कुठे आहे? कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या लाँग आणि ब्रायर बेटांवर पॅरामेडिक घरोघरी जाऊन रक्तदाब, साखर, जखमेचं ड्रेसिंग बघू लागले.

आणि ‘फुकटात’? गाडी, डिझेल, विमा, औषधं, प्रशिक्षण, यातलं काहीच फुकट येत नाही. स्वयंसेवक देतो तो स्वतःचा वेळ, आणि तोही त्याच्याकडे बेताचाच असतो. दिवसा तो नोकरीवर किंवा शेतात असतो, त्यामुळे भर दुपारी कॉल आला की माणसं जमवता जमवता नाकी नऊ येतात. रात्रभर जागलेला माणूस सकाळी पुन्हा कामावर जातो. त्यात स्ट्रेचरवरचा रुग्ण बऱ्याचदा ओळखीचाच निघतो, शेजारी नाहीतर शाळेतला मित्र. हे वर्षानुवर्षं सोसणाऱ्यांबद्दल मला अपार आदर आहे. म्हणूनच त्यांच्या चांगुलपणाकडे बोट दाखवून पगारी पदं रद्द केली जातात, याची चीड येते.

ऑस्ट्रियाचं उदाहरण हमखास दिलं जातं. तिथे रेडक्रॉसच्या रुग्णवाहिकांवर हजारो स्वयंसेवक आहेत, हे खरंच. पण त्या कामासाठी किमान २६० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची आहे, सोबत पगारी कर्मचारी आहेत, आणि गंभीर कॉलला आणीबाणीचा डॉक्टर येतो. एवढं सगळं मागे उभं आहे, म्हणून तिथले स्वयंसेवक टिकतात.

तेव्हा मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर मागण्याही जोडा: प्रत्येक गंभीर कॉलला रुग्णाजवळ एक पॅरामेडिक, दिवसाची पाळी पगारी, आणि स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाचा, विम्याचा आणि बुडालेल्या रोजंदारीचा खर्च सरकारी तिजोरीतून.